व्याह्यांच्या पुढची खुर्ची

धरणगाव
२० फेब्रुवारी १९९५

ती. झुंबरअक्कास साष्टांग नमस्कार.

आधी खुशाली लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घरी सगळे खुशाल आहेत, मी सोडून. इस्रायलचा दौरा छान झाला. ठिबकच्या नळ्या पाहिल्या, वाळूत पिकवलेली ढोबळी मिरची पाहिली, थेंब थेंब पाण्याचा हिशेब ऐकला. कपाशीला तसं पाणी देऊन बघायचं मनात आहे. पण ते राहू दे. परतीच्या विमानात एक भानगड झाली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही, कारण ही सोयरीक तू जुळवलेली आहेस.

आपले व्याही रुपचंदभाऊ दौऱ्यात होते हे तुला माहीतच आहे. परत आल्यावर त्यांनी धरणगावला यायचं आणि आपल्या सुनंदाच्या आणि त्यांच्या मगनच्या लग्नाची तारीख काढायची, असं साखरपुड्यात ठरलं होतं. जाताना ते विमानात अगदी शेवटच्या रांगेत होते आणि मी मधे, आमच्या गावच्या अभिमनशेजारी. अभिमन याआधी एकदा दिल्लीला विमानाने गेलेला, त्यामुळे तो आमचा गुरू. त्याने दाखवलं की खुर्चीच्या दांडीत एक बटण असतं. ते दाबून पाठीने रेटलं की खुर्ची मागे होते आणि माणूस आडवा होतो.

येताना दिवसाचं विमान होतं. जागा मिळाल्या त्या अशा की मी पुढे आणि व्याही नेमके माझ्या मागे. जेवणं झाली. माझ्या पुढे एक गोरा गृहस्थ होता, त्याने न विचारता खुर्ची मागे केली. त्याचं टक्कल माझ्या हनुवटीखाली आलं. अक्का, एवढ्या जवळून मी आपल्या सख्ख्या चुलत्याचं डोकं कधी पाहिलं नाही. मला वाटलं, इथली रीत हीच असावी. मग मीही बटण दाबलं. खुर्ची कुरकुरली आणि धाडकन मागे गेली.

आणि पाठीमागून जोर आला. कुणीतरी दोन्ही हातांनी खुर्ची पुढे रेटतंय असा. मी सावरून बसलो. थोड्या वेळाने पुन्हा टेकलो, पुन्हा जोर. मागे व्याहीच, दुसरं कोण? वळून बघावं तर पट्टा बांधलेला, आणि बघून बोलणार काय? मुलीचा बाप मी. मुंबई येईपर्यंत हे चाललं. उतरल्यावर मी हात जोडून रामराम केला, तर त्यांनी नुसती मान हलवली. हात वर उचलले नाहीत. धुळ्याच्या गाडीत जाऊन बसले.

आता तू सांग, चुकलं कुणाचं? एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हे लहान पोराला कळतं. पण विमानात खुर्चीच्या मागची ती वीतभर जागा पुढच्याची की मागच्याची? मागच्याला विचारायचं असतं का? आणि विचारायचं तर व्याह्याला कोणत्या शब्दांत विचारायचं? माझं डोकं चालेनासं झालं आहे. तू एकदा देवपुरात त्यांच्या घरी जाऊन अंदाज घे. मी तुला सांगितलंय असं दाखवू नकोस.

तुझा भाऊ
पितांबर

*

धुळे
२७ फेब्रुवारी १९९५

चि. पितांबरला आशीर्वाद.

परदेशी जाऊन आलास, अक्कल मात्र धरणगावातच ठेवून गेला होतास की काय? अरे, व्याही मागे बसलेले असताना त्यांच्या पुढ्यात कुणी आडवं होतं? आपले वडील माझ्या लग्नात तीन दिवस भिंतीलासुद्धा टेकले नव्हते, कारण समोर वरपक्ष बसलेला. त्या गोऱ्याचं काय घेऊन बसलास, त्याला कुठे तुझ्या घरी मुलगी द्यायची आहे!

माझा निकाल असा. खुर्ची ज्याची, मागची जागा त्याची. पण मागे व्याही असेल तर नाही. कायदा विमानाचा असेल, माणसं आपली आहेत.

आता घरचं. काल मी ताज्या बिबड्या, ज्वारीचे पापड, घेऊन देवपुरात गेले. विहीणबाईंनी, ताईबाईंनी, दारात मला पाहिलं आणि घाईने आत गेल्या. आतून काहीतरी कुजबुज झाली. मग मला बसवलं. रुपचंदभाऊ ओसरीवर होते. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि हा माणूस अंगावर शाल घेऊन बसलेला. परदेशातून आल्याचा थाट, दुसरं काय. मी विचारलं, दौरा कसा झाला? म्हणाले, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं, एवढंच. तुझं नाव काढलं तर खाली बघायला लागले.

आणि आता जे लिहिते ते वाचून रागावू नकोस. मी बिबड्यांची परडी दोन्ही हातांनी पुढे केली, ती त्यांनी डाव्या हाताने घेतली. डाव्या! मी सोयरीक जुळवणारी बाई, मुलीची आत्या, आणि मला डावा हात. उजवा शालीत लपवून ठेवला होता. निघताना हात जोडले नाहीत. ताईबाई फाटकापर्यंत आल्या, काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण मागे वळून घराकडे पाहिलं आणि फाटक लावून घेतलं.

मला यात एक धागा दिसतो. तुझ्या मांडवातली ती लोखंडी खुर्ची आठवते ना? साखरपुड्यात रुपचंदभाऊ बसले आणि पाय मिटून खाली गेली. माणूस चारीमुंड्या चीत. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तूही हसलास. मी पाहिलं होतं. उचलायला धावायच्या आधी तू हसलास. ते त्यांच्या मनात राहिलेलं दिसतंय. तुझ्या खुर्चीने त्यांना पाडलं, आता ते तुला खुर्चीवर सुखाने बसू देणार नाहीत.

तरी उतावळेपणा करू नकोस. सुनंदाला यातलं काही सांगू नकोस.

तुझी
झुंबरअक्का

*

धरणगाव
८ मार्च १९९५

ती. अक्कास नमस्कार.

सुनंदाला सांगू नकोस म्हणतेस, पण घर केवढं आणि माझा आवाज केवढा! तिला सगळं कळलंय. तुझ्या भावजयीने, मंजुळेने, दोन दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलेलं नाही.

काल व्याह्यांचं पत्र आलं. पत्र कसलं, तीन ओळी. प्रकृती ठीक नसल्याने धरणगावी येणं होणार नाही, तारखेचं पुढे पाहू. बस. प्रकृती ठीक नाही म्हणे! विमानात तर गाडीचं चाक चिखलातून काढल्यासारखा जोर लावत होते. आणि अक्षर त्यांचं नाही. साखरपुड्याआधीचं त्यांचं पत्र मी जपून ठेवलंय. टपोरं, सुपारीएवढं अक्षर. हे बारीक आणि तिरकं आहे, बहुतेक मगनचं. म्हणजे व्याह्याला स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिण्याचीही तसदी नको. मुलाकडून लिहून घ्यायचं, आणि तेही त्याच मुलाच्या लग्नाविषयी.

तुझं म्हणणं मला पटलं. रामराम नाही, डावा हात, दुसऱ्याचं अक्षर, हे सगळं एकाच माळेतलं आहे. पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती आता सांगतो. त्यांनी रेटलं तेव्हा मीही गप्प बसलो नाही. आधी दोनदा सावरून बसलो हे खरं, पण तिसऱ्यांदा डोकं फिरलं. मी पाय पुढे रोवले आणि पाठीने मागे रेटलं. त्यांनी पुढे, मी मागे. अभिमन शेजारी घोरत होता, म्हणून नशीब. दोघे बापे, एकाची मुलगी, एकाचा मुलगा, आणि ढगांच्या वर अशी रेटारेटी! शेवटी विमानातल्या बाईने येऊन माझं बटण दाबलं, खुर्ची आपोआप सरळ झाली, तेव्हा थांबलं.

लिहिताना लाज वाटते आणि रागही येतो. नेमकं काय जास्त वाटतं ते मलाच कळत नाही. सकाळी उठतो तेव्हा वाटतं, आपण जाऊन पाय धरावेत. दुपारपर्यंत वाटतं, का म्हणून? अभिमनला विचारलं तर म्हणाला, विमानात खुर्ची मागे करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, तिकिटात धरलेला असतो. मंजुळा म्हणते, हक्काचं असलं म्हणून लगेच करायचं असतं का? दोघांचंही खरं वाटतं.

सुनंदा उशीच्या अभ्र्यावर वेलबुट्टीत 'म' काढत होती. अर्धा झाला होता. तो तसाच ठेवून दिलाय तिने. परवा जेवताना एकदम मला म्हणाली, "आबा, खुर्ची तुम्ही मांगे करी, त्यामा मनं काय चुकनं?" मी ताटावरून उठलो.

मी ठरवलं आहे. जो माणूस खुर्चीसाठी एवढं धरून ठेवतो, त्याच्या घरात उद्या पोरीच्या हातून वाटी फुटली तर काय होईल? ती तिथे एकटी असेल अक्का, मागे वळून बघायला आम्ही नसू. मुलीचं मन मोडलं तर एक वर्ष रडेल. तशा घरात पडली तर जन्मभर रडेल. येत्या रविवारी साखरपुड्याची अंगठी आणि साडी घेऊन मी धुळ्याला येतो. तू सोबत चल, एकट्याने परत करायला माझा पाय उचलणार नाही.

पितांबर

*

धुळे
१० मार्च १९९५

पितांबर,

येऊ नकोस. अंगठी घेऊन तर मुळीच येऊ नकोस. हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देतेय, तो उद्याच तुमच्या गावात पोचवेल. उभ्याने लिहितेय, चुका काढू नकोस.

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचलं आणि चपला घालून तशीच देवपुरात गेले. मनात म्हटलं, आज तोंडावर विचारते, होऊ दे काय व्हायचं ते. पुढचं दार लावलेलं होतं, म्हणून परसातून गेले. तिथे काय बघते? रुपचंदभाऊ बाजेवर उघडे बसलेले, उजवा हात पंच्याच्या झोळीत गळ्याशी बांधलेला, खांदा सुजलेला. ताईबाई तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेकतायत, आणि तो एवढा धिप्पाड गडी लहान पोरासारखा "हळू वं, हळू" करतोय.

मला पाहून दोघेही गोठले. मी म्हटलं, भाऊ, हे काय? कधीपासून? तर ताईबाईंना रडूच कोसळलं. म्हणाल्या, "इमानमातून उतरनात तवापासून हात वर व्हत नही. जेवनबी मीच भरावस. आनि कोणले सांगू देत नहीत."

खूप खोदून विचारलं तेव्हा भाऊ बोलले. ते बोलले तसंच लिहिते, त्यांचा 'याही' म्हणजे तू व्याही.

"झुंबरबहीण, आते काय दपाडू तुनापासून. जाताना मनी खुर्ची शेवटली, मांगे भित. ती हालेच ना. मनापुढला म्हातारा ताठ बसेल. मले काय मालूम खुर्ची मांगे व्हस म्हनीसन? येताना याहीनी खुर्ची कुरकुरनी आनि धाडकन मनाकडे उनी. मले वाटनं, मोडनी. याही आते पडी. त्या दिवसले मांडवमा मी पडनू, बठ्ठा लोक हसनात. तो कसा इसरू? मले वाटनं, तशी गत याहीनी नको व्हवाले. बाईले हाक मारतू तं बठ्ठा जागा व्हतात, तमाशा व्हता. म्हनीसन दोन्ही हात लाई धरी बसनू. मंग ती खुर्ची जास्तीच जोरबन मांगे येवा लागनी. मले वाटनं, आते पुरी तुटनी. मी आखो जोर लावा."

समजलं का रे तुला? तू पाठीने जे रेटत होतास, ते तो माणूस खांद्यावर पेलत होता. तू पडू नयेस म्हणून.

मग ती बाई आली, बटण दाबलं, खुर्ची आपोआप उभी राहिली. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला की धड खुर्ची आपण सगळा प्रवास धरून बसलो, आणि व्याह्यांना वाटलं असेल आपण त्यांना ढकलतोय. लाजेने मेल्यासारखं झालं म्हणाले. रामराम करायला हात उचलेना. पत्र लिहायला बोटं वळेनात. मला परडी डाव्या हाताने घेतली त्याची माफी मागितली, डोळ्यांत पाणी आणून. धरणगावला यायचं तर लोक विचारणार हात का बांधलाय, आणि उत्तर काय देणार? दौऱ्यातल्या सगळ्यांत हसू होईल. डॉक्टर म्हणतात, खांदा मोकळा व्हायला वेळ लागेल.

मी त्या माणसाला थाटाचा म्हटलं होतं. शाल म्हणे थाट! मला माझीच लाज वाटली.

एक मात्र. त्यांनी मला ताईबाईंच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की हे पितांबरला सांगायचं नाही. मी शपथ घेतली आणि घरी येऊन हे लिहायला बसले. माझं काय व्हायचं ते होवो. पण तुला हे कळलंय हे त्यांना कधीही कळता कामा नये. तो मानी माणूस आहे, पुन्हा तुझ्यासमोर मान वर करणार नाही. आता पुढे काय करायचं ते तू बघ. या वेळी तरी टेकायच्या आधी विचार कर.

झुंबरअक्का

*

धरणगाव
२० मार्च १९९५

मा. रुपचंदभाऊ यांना पितांबरचा सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. प्रकृती ठीक नाही हे वाचून काळजी वाटली. आपण प्रवासाची दगदग करू नये. तारीख काढायला मीच गुढीपाडव्यानंतर धुळ्याला येईन. मुलाकडच्यांनी यायचं हे ठरलेलं असलं तरी ठरवणारे आपणच दोघे होतो, बदलणारेही आपणच.

एक गोष्ट बरेच दिवस सांगायची राहिली आहे. लिहायला उशीर झाला, कारण मलाच ती उशिरा कळली.

परतीच्या विमानातली माझी खुर्ची मोडकी होती. तिचा खटका निसटला होता. मी टेकलो आणि ती धाडकन मागे गेली, तेव्हा मला वाटलं आता मी पाय वर करून सगळ्यांसमोर मागे पडतो. मी भ्यालो होतो. भीतीपोटी मी पाय रोवून अंग ताठ केलं, त्यामुळे खुर्चीवर आणखीच भार आला असणार. त्या बाईने शेवटी येऊन खटका बसवला. अभिमन म्हणाला, अशी निसटलेली खुर्ची मागून कुणी धरली नसती तर माणूस पडलाच असता.

मी पडलो नाही. मागून कुणीतरी धरून होतं. कोण होतं ते मला माहीत आहे, कारण माझ्या मागे आपणच होता. उतरताना आभार मानायचे राहून गेले.

साखरपुड्यात आमच्या मांडवात आपली खुर्ची मोडली तेव्हा मी आपल्याला उचलायच्या आधी हसलो होतो. आपण तेव्हा काही बोलला नाहीत. माझी खुर्ची मोडली तेव्हा आपण हसला नाहीत, कुणाला हाकही मारली नाहीत. मी आपल्यापेक्षा फार लहान माणूस आहे, हे या एका प्रवासात मला समजलं.

भाऊ, मुलगी देताना बाप वर वर घर बघतो, शेत बघतो, मुलाची नोकरी बघतो. आतून त्याला एकच धास्ती असते. तिथे पोर पडायला लागली तर तिला धरेल कोण? माझी ती धास्ती गेली. ज्याने अजून सोयरीक पुरी झाली नसताना तिच्या बापाला पडू दिलं नाही, त्याच्या घरी माझी सुनंदा जातेय. मला आता झोप लागते.

सौ. विहीणबाईंना नमस्कार. मंजुळेने तिळाचं तेल पाठवलं आहे, आमच्या घाण्यावरचं. ते कशालाही चालतं.

आपला
पितांबर

*

धुळे
४ एप्रिल १९९५

पितांबरभाऊ यांस रुपचंदचा नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. उजव्या हातानेच लिहिलंय. दोन ओळी झाल्या की थांबतो, ताईबाई खांदा चोळतात, मग पुढे लिहितो. तेल चांगलं आहे.

तुमचं पत्र मगनने वाचून दाखवलं. मग मी त्याला बाहेर पाठवलं आणि पुन्हा स्वतः वाचलं. खुर्ची मोडकी होती असं तुम्ही लिहिता. भाऊ, मी साधा माणूस आहे, पण डोळे शाबूत आहेत. त्या बाईने खटका वगैरे काही बसवला नाही. नुसतं बटण दाबलं. मी मागून बघत होतो. आणि झुंबरबहिणीच्या पोटात शपथ टिकत नाही, हे मी शपथ घालतानाच ओळखायला हवं होतं. तिला रागावू नका. मीही रागावलेलो नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर मला आधी हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदा. मग रडू आलं. ताईबाईंना कळेना की याचा खांदा दुखतोय की आणखी काही.

माझं एवढंच म्हणणं आहे. खुर्ची मोडकी होती. तुम्ही म्हणता तर होती. दौऱ्यातल्या कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगा, मीही हेच सांगेन. सुनंदालाही हेच सांगा. तिच्या अभ्र्यावरचा 'म' पुरा झाला का, असं मगन विचारतोय. म्हणजे मला विचारायला लावतोय, स्वतः मात्र दाराआड उभा आहे.

पाडवा झाला, आपण येणार म्हणता तर आता जरूर या. वैशाखातला चांगला मुहूर्त मी इकडच्या गुरुजींकडून काढून ठेवला आहे. एक विनंती आहे. लग्नाच्या मांडवात आपल्या दोघांसाठी खुर्च्या मांडू नका. सतरंजी घाला. मी तुमच्या पाठीशी बसेन, तुम्ही माझ्या पुढे बसा. खांदा तोवर बरा होईल.

दमलात की टेका. विचारू नका.

तुमचा
रुपचंद